विक्रमी व्याख्यान आणि घड्याळाजवळ बसलेला विद्यार्थी

सलग बोलण्याचे विक्रम आता आपल्याला नवीन राहिलेले नाहीत. डेहराडूनच्या ग्राफिक एरा विद्यापीठातले प्राध्यापक अरविंद मिश्रा यांनी मार्च २०१४ मध्ये ‘सायंटिफिक कॉम्प्युटेशन’ या विषयावर १३९ तास ४२ मिनिटे ५६ सेकंद व्याख्यान दिलं आणि गिनीज बुकात नाव नोंदवलं. त्याआधी २००९ मध्ये पोलंडमधल्या क्राकूव शहरात शिकणारा झिंबाब्वेचा एक विद्यार्थी, एरॉल मुझावाझी, लोकशाही या विषयावर १२१ तास बोलला होता. बोलण्याचंच कशाला, आपल्या लातूरच्या सृष्टी जगतापने २०२३ मध्ये सलग १२७ तास नृत्य केलं. असे आकडे वाचून आपण थक्क होतो, पेपरातलं कात्रण कापून शाळेच्या फलकावर लावतो, परिपाठात दोन वाक्यं सांगतो आणि विसरून जातो.

पण शिक्षक मित्रांनो, उद्या आपल्याच गावातल्या एखाद्या वक्त्याने किंवा एखाद्या सरांनी ठरवलं की मीही सलग इतके तास बोलणार, तर पहिला फोन कुठे येईल? शाळेत. ‘सर, तेवढी पन्नास-साठ मुलं पाठवा ना. काही काम नाही, नुसतं बसायचंय.’

या ‘नुसतं बसायचंय’ वर मला बोलायचं आहे. मुलं पाठवावीत, या मताचा मी आहे. अशा प्रयत्नात मदत करण्यातून मुलं जे शिकतील ते चार भिंतींत शिकवणं अवघड आहे. मात्र तीन गोष्टींची खात्री झाल्याशिवाय एकही मूल पाठवू नये. मुलांना दिलेलं काम खरं असावं, त्यांनी केलेली नोंद खरी राहावी आणि त्यांची झोप मोडू नये.

आधी गणित समजून घेऊ

गिनीजच्या मॅरेथॉन प्रकारातल्या विक्रमांचा विश्रांतीचा नियम साधा आहे. पूर्ण झालेल्या प्रत्येक तासामागे पाच मिनिटं मिळतात. ती लगेच घ्या किंवा साठवून एकदम घ्या. जेवण, शौच, अंघोळ, डुलकी, सगळं त्याच साठ्यातून. घड्याळ मात्र थांबत नाही.

हे गणित सहावी-सातवीच्या वर्गात देऊन बघा. १२ तास बोललं की ६० मिनिटं जमा. दिवसभराचे दोन तास. डेहराडूनच्या व्याख्यानाचे पूर्ण तास १३९, म्हणून विश्रांती १३९ × ५ = ६९५ मिनिटं. म्हणजे ११ तास ३५ मिनिटं, आणि तीही जवळजवळ सहा दिवसांत मिळून! पाढे पाठ असलेल्या मुलालाही इथे पहिल्यांदा जाणवतं की पाच मिनिटं म्हणजे काय.

आता मदतीचं गणित. अशा प्रयत्नात प्रत्येक क्षणी दोन स्वतंत्र साक्षीदार हजर लागतात आणि एका साक्षीदाराची पाळी चार तासांपेक्षा जास्त चालत नाही. वहीत नोंद ठेवावी लागते, शिवाय सगळ्याचं चित्रीकरण. नव्वद तासांचा प्रयत्न असेल तर २३ पाळ्या, प्रत्येक पाळीत दोन जण, म्हणजे साक्षीदारांच्याच ४६ जागा भरायच्या. पाणी देणारे, श्रोत्यांची ये-जा बघणारे, कॅमेऱ्याची बॅटरी आणि कार्ड बदलणारे, विषयांची टिपणं क्रमाने लावणारे हे सगळे वेगळेच. पेपरात फोटो एकाचा छापून येतो, राबतात शंभर.

ही पाळ्यांची पद्धत आपल्याला परकी नाही. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. देवळाच्या भिंतीवर पहाऱ्याची यादी लागते. रात्री दोन ते चारचा पहारा ज्याच्या वाट्याला येतो तो माणूस घोंगडी पांघरून बरोबर वेळेवर हजर होतो, आणि पुढचा आल्याशिवाय आधीचा वीणा सोडत नाही. सप्ताह सात दिवस चालतो, पण कोणा एकालाही सात दिवस जागावं लागत नाही. विक्रमात बोलणारा एकटाच असतो, तिथे पाळी नाही. मदतनीसांना मात्र सप्ताहाचा हाच कायदा लावता येतो आणि तो लावलाच पाहिजे.

खरं काम म्हणजे काय?

मुलांना अशा कार्यक्रमात बहुतेक वेळा दोन कामं मिळतात. सुरुवातीला स्वागतगीत म्हणायचं आणि मधूनमधून टाळ्या वाजवायच्या. बाकी वेळ सतरंजीवर बसून चुळबुळ. अशा तीन तासांतून मूल एकच गोष्ट शिकतं, की मोठ्या माणसांच्या कार्यक्रमात आपण खुर्च्या भरायला असतो.

त्यापेक्षा बघा. प्रत्येक मुलाला एक नेमकं काम द्या आणि त्या कामाची वेळ लिहून द्या. एकाने दर पंधरा मिनिटांनी विषय काय चालू आहे ते एका ओळीत टिपायचं. एकाने श्रोते मोजायचे. एकाने विश्रांतीच्या साठ्याचा हिशोब फळ्यावर ठेवायचा: जमा इतकी, खर्च इतकी, शिल्लक इतकी. वक्तृत्व स्पर्धेत आपली मुलं वेळ लावून घंटा वाजवतातच, तेच काम इथे मोठं होतं. एक गट फक्त ऐकणारा असावा. त्याने आपल्या पाळीत जे ऐकलं त्यावर घरी जाऊन दहा ओळी लिहायच्या. सलग दीड तास ऐकून त्यातलं दहा ओळींत मांडणं हे किती अवघड आहे, ते आपण मोठ्यांनीही एकदा करून बघावं.

वक्त्याचा घसा हाही एक पाठ आहे. घसा बसणं म्हणजे काय हे आपल्या शिक्षकांइतकं कुणाला ठाऊक! थोडं थोडं पाणी सतत का प्यावं, थकलेल्या आवाजाला कुजबुजण्याने आराम का मिळत नाही, हे मुलांना इथे डोळ्यांसमोर दिसतं. पाण्याचा पेला वेळेवर पुढे करणाऱ्या मुलाला ते का करतोय हे माहीत असेल, तर ते काम हमालीचं राहत नाही.

लहान कामाचं मोल सांगायला मी एक ताजं उदाहरण वापरतो. ते गिनीजचं नाही, अमेरिकेच्या संसदेतलं आहे. ३१ मार्च २०२५ च्या संध्याकाळी सिनेटर कोरी बुकर बोलायला उभे राहिले आणि २५ तास ५ मिनिटं बोलत राहिले. सिनेटचा नियम असा की बोलणाऱ्याने उभंच राहायचं. बसला किंवा बाहेर गेला की बोलण्याचा हक्क संपला. बसायचा मोह नको म्हणून बुकर यांनी आपली खुर्चीच तिथून हलवायला लावली. ती हलवली सभागृहात ‘पेज’ म्हणून काम करणाऱ्याने. हे पेज म्हणजे आपल्याकडच्या अकरावीच्या वयाची, सोळा-सतरा वर्षांची मुलं. सकाळी शाळा शिकतात आणि नंतर सभागृहात कागद पोचवणं, पाणी देणं अशी कामं करतात. खुर्ची उचलायला अर्धं मिनिटही लागलं नसेल, पण ती का उचलली हे त्या मुलाला ठाऊक होतं. दुसरी मदत सहकाऱ्यांनी केली. सिनेटमध्ये प्रश्न विचारायला परवानगी दिली तरी बोलण्याचा हक्क जात नाही. म्हणून सहकारी सिनेटर मधूनमधून लांबलचक प्रश्न विचारत होते आणि तेवढा वेळ बुकर यांच्या घशाला विसावा मिळत होता. चांगला प्रश्न विचारणं हीसुद्धा मदत असते, ही गोष्ट वर्गात आवर्जून सांगण्यासारखी आहे.

खरी नोंद: सगळ्यात अवघड परीक्षा

आता कळीच्या मुद्द्यावर येतो.

समजा, पहिल्या दिवशीचे रात्रीचे पावणेआठ वाजलेत. वक्ते विश्रांतीला आत गेलेत. साठ्यात वीस मिनिटं शिल्लक होती. बावीस झाली तरी ते माईकवर आलेले नाहीत. घड्याळाजवळ अकरावीतली एक मुलगी बसली आहे. समोर वही, हातात पेन. आयोजकांपैकी एक काका हळूच जवळ येऊन म्हणतात, ‘अगं, दोन मिनिटांनी काय होतंय? वीसच लिही. एवढ्या लोकांची मेहनत आहे.’

तिने काय लिहावं?

आपण सगळे म्हणू, बावीस. पण आता यात आणखी एक गोष्ट घाला. आत विश्रांती घेत असलेले वक्ते तिचेच सर आहेत. तिच्या प्रात्यक्षिकाचे, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण त्यांच्याच हातात आहेत. सर वाईट नाहीत, ती त्यांची आवडती विद्यार्थिनी आहे, आणि सरांचा विक्रम व्हावा असं तिला मनापासून वाटतं. आता ‘बावीस’ लिहिणं किती जड आहे बघा!

मूल्यशिक्षणाच्या तासाला आपण प्रामाणिकपणावर गोष्टी सांगतो. त्या गोष्टींत खोटं बोलणारा नेहमी दुष्ट किंवा लोभी असतो. खऱ्या आयुष्यात खोटं लिहायला सांगणारा बऱ्याचदा आपलाच माणूस असतो. तो प्रेमाने सांगतो आणि कारणही चांगलं देतो. पुढे हीच मुलं कुठे तरी हजेरीपट, मोजमाप वही, प्रयोगाची वही, स्टॉक रजिस्टर भरणार आहेत. तिथेही कुणीतरी काका येणारच. म्हणून वहीत ‘बावीस’ लिहिण्याचा अनुभव शाळेच्या वयात, सुरक्षित ठिकाणी मिळाला तर तो सोन्यासारखा आहे. आणि ‘वीस’ लिहिण्याचा अनुभव मिळाला तर? तर आपण त्या मुलीला विक्रमाच्या नावाखाली पहिली खोटी नोंद करायला शिकवलं. गिनीजचे लोक चित्रीकरण बघून ती पकडतील की नाही हा वेगळा प्रश्न. मुलीच्या मनात ती पकडली गेलेलीच असते.

यावर माझं मत स्पष्ट आहे. वक्त्याच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना घड्याळाजवळ बसवू नये. त्यांना टिपणं, पाणी, श्रोत्यांची व्यवस्था द्या. वेळेची नोंद दुसऱ्या शाळेच्या किंवा कॉलेजच्या मुलांकडे द्या आणि शेजारी एक असा प्रौढ माणूस बसवा ज्याचं वक्त्याशी नातं नाही, देणंघेणं नाही. अधिकृत साक्षीदाराची सही तर मोठ्यांचीच हवी. ते ओझं मुलांच्या डोक्यावर नको. मुलांची वही ही सरावाची, जोडनोंदीची वही. पण तीही खरी.

आणखी एक. कार्यक्रम सुरू होण्याआधी वक्त्याने सगळ्या मदतनीस मुलांसमोर उभं राहून सांगावं, ‘माझी चूक झाली तर लिहा. तुम्ही लिहिलंत म्हणून मी रागावणार नाही, लपवलंत तर वाईट वाटेल.’ हे एक वाक्य जाहीरपणे बोललं गेलं की घड्याळाजवळच्या मुलीचं अर्धं ओझं उतरतं. जो वक्ता हे बोलायला तयार नसेल, त्याच्याकडे आपली मुलं पाठवायची कशाला?

झोप कुणाची मोडते?

विक्रम करणाऱ्याच्या झोपेवर सगळे बोलतात. मदतनीसाच्या झोपेचं काय?

डिसेंबर १९६३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगो इथल्या रँडी गार्डनर या सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाने विज्ञान प्रदर्शनासाठी जागं राहण्याचा प्रयोग केला. तो २६४ तास, म्हणजे अकरा दिवस जागा राहिला. ही गोष्ट बऱ्याच पुस्तकांत येते. पण त्याच्याबरोबर प्रयोगात त्याचा वर्गमित्र ब्रूस मॅकअ‍ॅलिस्टरही होता. रँडीवर लक्ष ठेवायचं, नोंदी करायच्या हे ब्रूसचं काम. म्हणजे त्यालाही जागं राहणं आलंच. काही रात्रींनंतर तो इतका थकला, की भिंतीला टेकून चक्क भिंतीवरच नोंदी लिहू लागला होता. हे त्याने स्वतःच पुढे सांगितलं आहे. मग त्यांनी तिसरा मित्र मदतीला घेतला. स्टॅनफर्ड विद्यापीठातले झोपेचे अभ्यासक विल्यम डिमेंटही येऊन सामील झाले. रँडीला उतारवयात निद्रानाशाचा मोठा त्रास झाला, हेही त्याने सांगितलं आहे. जागं राहण्याच्या विक्रमाची नोंद घेणं गिनीजने १९९७ मध्ये बंद केलं.

त्याच १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचे हात-डोळे जितके मंदावतात, तितके ते १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असताना मंदावतात, असं त्यात दिसलं. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. आता विचार करा. सकाळी सहाला उठलेला, दिवसभर कॉलेज केलेला आणि रात्रभर सभागृहात मदत केलेला एकोणीस वर्षांचा मुलगा पहाटे मोटारसायकलला किक मारून वीस किलोमीटरवरच्या गावाकडे निघतो. त्याने थेंबभर दारू घेतलेली नाही, तरी त्याची अवस्था कायद्याने गाडी चालवू नये अशीच आहे. विक्रम होईल न होईल, त्या मुलाने सुखरूप घरी पोचलं पाहिजे. मला या सगळ्या प्रकारात सर्वात जास्त भीती कशाची वाटत असेल तर या पहाटेच्या गाडीची.

म्हणून नियम कडकच हवा. शाळेतल्या मुलांची पाळी सकाळी आठ ते रात्री आठ याच वेळेत, आणि एका वेळी दोन तासांपेक्षा जास्त नाही. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, हे डॉक्टर सांगतातच. रात्रीच्या पाळ्या फक्त मोठ्यांनी घ्याव्यात. अठरा वर्षांवरच्या कॉलेजच्या मुलांनी रात्रीची पाळी घेतलीच, तर त्यांची झोपायची सोय तिथेच असावी. पाळी संपली की लगेच गाडी हातात द्यायची नाही, आधी चार-पाच तास झोप.

‘पण सर, एवढं बोलून उपयोग काय?’

हा प्रश्न एखादं मूल विचारणारच. त्याला गप्प बसवू नका, कारण प्रश्न रास्त आहे.

बुकर यांनी ज्यांचा विक्रम मोडला ते स्ट्रॉम थर्मंड १९५७ मध्ये २४ तास १८ मिनिटं बोलले होते. कशासाठी? कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या विधेयकाला विरोध करण्यासाठी. तो विक्रम अडुसष्ट वर्षांनी मोडणारे बुकर स्वतः कृष्णवर्णीय. त्याच १९५७ च्या जानेवारीत आपले व्ही. के. कृष्ण मेनन संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत काश्मीर प्रश्नावर जवळजवळ आठ तास बोलले आणि त्या ताणाने कोसळले. म्हणजे लांब बोलणं आपोआप चांगलंही होत नाही आणि वाईटही होत नाही. कशासाठी बोललं, हे आधी विचारावं लागतं. निव्वळ घड्याळासाठी बोलणाऱ्या विक्रमवीरालाही हा प्रश्न लागू आहे. विषय कोणता? त्यात ऐकणाऱ्याला काही मिळतं का? की एकच पाणी घालून डाळ वाढवत नेली आहे? मुलांच्या दहा-दहा ओळींच्या टिपणांवरून हे कळेल. पन्नास मुलांच्या वह्यांत काहीच उतरलं नसेल, तर विक्रम झाला तरी व्याख्यान झालं नाही असंच म्हणावं लागेल.

काही पालक वेगळा प्रश्न विचारतात, ‘यात अभ्यास बुडतो, मार्क किती मिळणार?’ पालकहो, दोन तासांनी अभ्यास बुडत नाही. मात्र प्रमाणपत्र नीट वाचा. त्यावर नुसतं ‘सहभाग’ लिहिलं असेल तर त्याची किंमत कागदाइतकीच. ‘दुपारी चार ते सहा, वेळनोंद’ असं लिहिलं असेल तर तुमच्या मुलाने काहीतरी केलं आहे. घरी आल्यावर त्याला ‘मजा आली का’ एवढंच विचारू नका. ‘तू काय लिहिलंस?’ असं विचारा.

आणि प्रयत्न फसला तर? साठाव्या तासाला डॉक्टरांनी थांबा म्हटलं आणि वक्ता थांबला, तर मुलांनी तेही बघावं. आयोजक कदाचित घाईघाईने मंडप आवरायला लागतील, पेपरवाले येणार नाहीत. तरीही त्या साठ तासांची वही पूर्ण करून, शेवटची वेळ टाकून, खाली रेघ मारून ठेवायची. फसलेल्या प्रयोगाची वहीही आपण विज्ञानाच्या तासाला फाडून टाकत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ‘सर, तेवढी मुलं पाठवा’ असा फोन आला तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. समोरच्याला चार प्रश्न विचारा. माझ्या प्रत्येक मुलाचं काम काय आणि किती वाजता? घड्याळाजवळ कोण बसणार आणि त्याचं वक्त्याशी नातं काय? मुलं घरी कशी जाणार आणि कोण पोचवणार? डॉक्टर कोण आणि ‘थांबा’ म्हणायचा अधिकार कुणाचा? चारही उत्तरं लेखी घ्या, पालकांना दाखवा, त्यांची संमती घ्या. मुलांनाही विचारा, ‘तुला जायचंय का?’ आणि एखादा ‘नाही’ म्हणाला तर त्याला दुसऱ्या दिवशी वर्गात उभं करू नका.